पाँटून बोटीच्या जुन्या सीट्स काढून नव्याने मढवणे: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ गेला की इथे मिनेसोटात मला ओळखीच्या मराठी घरांतून दोन-तीन तरी फोन येतात आणि गोष्ट सगळ्यांची तीच असते. जुनी पाँटून (ॲल्युमिनियमच्या लांब नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) घेतली, सीट्स फाटक्या होत्या म्हणून स्वस्तात मिळाली, मग उत्साहाने जुनं कव्हर ओरबाडून काढलं, नवीन व्हायनल (सीटवरचं प्लास्टिकसारखं कापड) मागवलं, ताणून ठोकलं, फोटोही छान आले, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपरे सुटले, बसलं की फोममधून पाणी वर येतंय, वास येतोय तो वेगळाच.

पाँटूनची सीट वरून फाटलेली दिसते, पण ती मरते खालून. पाणी शिवणीतून आत जातं, खाली प्लायवूडवर साचतं, प्लाय कुजतो, कुजलेल्या प्लायमध्ये स्टेपल धरत नाही, मग कव्हर सैल पडतं, ते घासतं आणि फाटतं. त्यामुळे नुसतं वरचं बदलून काही होत नाही, काम खालून वर करायला लागतं.

आम्ही आमची २२ फुटी पाँटून एका हिवाळ्यात पूर्ण मढवली, नंतर मित्रमंडळींच्या तीन बोटींना हात लावला. कुठे चुका होतात ते त्यातून कळलं, ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी ठरवा, मढवायचं की सेट बदलायचा

सीटची गादी उचला आणि खालचा सांगाडा बघा. तो एकसंध जाड प्लास्टिकचा असेल तर नशीब चांगलं, कारण हे प्लास्टिक कुजत नाही, फक्त गाद्या आणि पाठी करायच्या. सांगाडाही लाकडाचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यात जुना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तिथलं लाकूड गेलं. एखाद-दुसरी सीट अशी असेल तर नवीन सांगाडा करता येतो, पण निम्म्याहून जास्त सांगाडे मऊ लागले तर माझं स्पष्ट मत आहे की मढवण्यात पैसे घालू नका, प्लास्टिक सांगाड्याचा तयार सेट घ्या.

वेळेचा अंदाजही आत्ताच घ्या. सवय नसेल तर एका सीटला एक वीकेंड धरा. आमच्याकडे तरी ऑक्टोबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढली की सीट्स उतरवायच्या, थंडीत शिवायच्या आणि मे महिन्यात बसवायच्या हेच जमतं. जूनमध्ये सुरू केलं तर सगळा उन्हाळा बोट गॅरेजमध्ये.

२. सामान, आणि त्यात काय चुकतं

व्हायनल मरीन ग्रेडचंच घ्या. आपण घरी ज्याला रेक्झिन म्हणतो ते सोफ्याचं कापड दिसायला अगदी तसंच असतं, आणि भारतातून येताना बॅगेत टाकून आणलं तर स्वस्त पडतं म्हणून दोघांनी ते वापरलेलं मी बघितलंय, पण त्यात ऊन आणि बुरशी सोसण्यासाठी घालतात ते काही नसतं, ते उन्हात कडक होतं आणि तडकतं. मरीन व्हायनलच्या माहितीपत्रकात कोल्ड क्रॅक म्हणून एक आकडा असतो, म्हणजे किती थंडीपर्यंत ते घडी घातल्यावर तडकत नाही. आमच्यासारख्या थंड राज्यात राहत असाल तर तो बघूनच घ्या.

पन्हा साधारण ५४ इंच असतो. किती वार लागेल याचा अंदाज बोटीच्या लांबीवरून काढू नका. ग्राफ पेपरवर ५४ इंची पट्टा काढा, प्रत्येक सीटचे तुकडे त्यावर मांडा, आणि आलेल्या आकड्यावर १० ते १५ टक्के जास्त धरा. सगळं एकाच वेळी, एकाच लॉटमधलं मागवा, कारण नंतर मागवलेला पांढराही आधीच्या पांढऱ्याशी जुळेल याची खात्री नाही.

दोरा बाँडेड पॉलिएस्टर, उन्हाला टिकणारा, ९२ नंबरचा. सुती दोरा नको, तो कुजतो. नायलॉनही नको, उन्हात त्याची ताकद जाते. घरच्या साध्या मशीनला ९२ नंबर झेपत नसेल तर त्याहून पातळ ६९ नंबर वापरा, पण मशीन दोन थरांवर नीट चाललं म्हणून खूश होऊ नका, पायपिंगच्या (कडेच्या शिवणीतल्या दोरीसारख्या गोटाच्या) जागी चार-पाच थर येतात. मी शेवटी वॉकिंग फुटचं मशीन (जाड थर वरून आणि खालून एकदम पुढे सरकवणारं) दोन महिन्यांसाठी उसनं आणलं, आणि ते पहिल्या दिवशीच आणायला हवं होतं असं वाटलं.

स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच. डब्यावर ३०४ किंवा ३१६ लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. साधे गॅल्व्हनाइज्ड स्टेपल एक-दोन सीझनमध्ये गंजतात आणि त्याचे तपकिरी ओघळ पांढऱ्या कापडावर दिसतात. अर्धा इंची प्लायला ३/८ इंच लांबीचे, प्लास्टिकमध्ये ठोकायचे असतील तर १/४ इंचाचे. हाताने दाबायच्या स्टेपलरने मनगट जातं आणि स्टेपल अर्धवट बसतात, हवेवर चालणारा घ्या.

सावधान: प्रेशर ट्रीटेड लाकूड चुकूनही घेऊ नका. ‘पाण्यासाठीच असतं ना ते’ असं सगळे म्हणतात, पण त्यात तांब्याची रसायनं असतात आणि सीटचा नाही पण बोटीचा स्वतःचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, तांबं ॲल्युमिनियमला खातं. मरीन प्लाय किंवा चांगला एक्स्टिरिअर प्लाय घ्या.

३. सीट्स बोटीवरून काढणं

पहिलं काम म्हणजे बॅटरीच्या वायरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी बोटीवरून खाली उतरवा. जुन्या पाँटूनमध्ये या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा मागच्या सीटखालीच असतात, आणि तुम्ही तिथे वाकून स्क्रू पिळणार आहात.

दुसरं काम फोटो. प्रत्येक सीटचा समोरून, मागून, खालून, आणि प्रत्येक बिजागरीचा जवळून. मग मास्किंग टेपवर नंबर लिहून चिकटवा: डावी १, डावी २, उजवी १. एकच नंबर गादीवर, पाठीवर, सांगाड्यावर आणि स्क्रूंच्या पिशवीवर. दोन सीट्स सारख्या दिसतात म्हणून नंबर टाकायचं टाळलं तर मे महिन्यात भोकं जुळत नाहीत, कारण बसवणाऱ्याने ती हातानेच पाडलेली असतात.

स्क्रू अडकलेले असणारच. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं राहिला की धरून बसतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी हाताच्या पान्ह्याने सावकाश, थोडं पुढे थोडं मागे. इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत स्क्रू पिळणारं मशीन) लावला की डोकं तुटलंच समजा.

क्रम असा: आधी गादी बिजागरीपासून सोडवा, मग सांगाड्याच्या आतून पाठीचे स्क्रू दिसतात ते काढा, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी सांगाडा डेकपासून (बोटीच्या फरशीपासून). पाठ आधी ओढायला गेलात तर आतले स्क्रू प्लायसकट उपटून येतात.

उंदरांचं घरटं सापडलं तर, आणि आमच्याकडे हिवाळ्यानंतर ते हमखास सापडतं, कोरडं झाडू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका. लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस पसरू शकतो. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी फवारून ५ मिनिटं भिजू द्या, मग ओल्या कागदाने उचला.

तपासा: सांगाडे उचलल्यावर उघडा पडलेला डेक स्क्रूंच्या भोकांजवळ टोचून बघा. मऊ लागला तर सीट्सचं काम थांबवून आधी डेक करा. नव्या सीट्स कुजक्या डेकवर बसवायच्या आणि दोन वर्षांनी सगळं परत उचलायचं, हे मी एका घरी बघितलंय आणि फार वाईट वाटलं.

४. कव्हर उतरवणं: सगळ्यात जास्त इथे चुकतं

जुनं कव्हर म्हणजे तुमचा पॅटर्न. ते कचरा म्हणून काढाल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होणार. घाई इथे महागात पडते म्हणून हा टप्पा जरा लांबवून लिहिते.

डोळ्यांना चष्मा लावा, गंजके स्टेपल उडतात. स्टेपल काढायचं दोन दातांचं खास हत्यार मिळतं ते घ्या, स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर हाताला लागणार आणि कापडही फाटणार. एकेका गादीला दोन-तीनशे स्टेपल सहज असतात. कव्हर अख्खं सुटलं की उसवायच्या आधी, परत सांगते उसवायच्या आधी, या तीन गोष्टी करा:

प्रत्येक तुकड्यावर नाव आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण. प्रत्येक शिवणीवर दर ४ इंचांवर दोन्ही तुकड्यांना छेदून जाणारी आडवी रेघ, म्हणजे उसवल्यावर कुठलं टोक कुठे जुळायचं ते कळेल, वळणावर तर २ इंचांवर. आणि शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत किती माया सोडली होती ते पट्टीने मोजून लिहून ठेवा.

माया का मोजायची? कारण नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे उसवलेला तुकडा नव्या कापडावर ठेवायचा आणि त्याच्या बाहेर आणखी अर्धा इंच माया द्यायची. जुन्या तुकड्यात माया आधीच धरलेली असते. दोनदा धरली की कव्हर सगळीकडून एकेक इंच मोठं होतं आणि मग कितीही ताणा, सुरकुत्या जात नाहीत.

डाव्या-उजव्या सीट्सची जोडी असेल तर त्यातल्या एका सीटचं कव्हर न उसवता तसंच ठेवा. शिवताना कुठे काय होतं ते बघायला अख्खा नमुना हाताशी लागतो.

५. लाकूड

जुना प्लाय तुटका असला तरी त्याचे तुकडे जमिनीवर जुळवून कडेने पेन्सिल फिरवा, तोच साचा. जाडी आधी होती तीच ठेवा. अर्धा इंचाच्या जागी पाऊण इंच घातला की बिजागरीची रेष सरकते आणि गादी बंदच होत नाही. कोपऱ्यांची गोलाई तशीच, आणि सगळ्या कडा सँडपेपरने मोडून घ्या, नाहीतर त्या धारेवर व्हायनल आतून कापलं जातं.

आता पाण्याची वाट. गादीच्या प्लायला अर्धा ते पाऊण इंचाची पाच-सहा भोकं पाडा. शिवण कितीही चांगली असली तरी पाणी आत जाणारच, त्यामुळे ते बाहेर कुठून जाईल याची सोय करायची. भोकं पाडून झाल्यावर सगळ्या बाजूंना, कडांना आणि भोकांच्या आतून इपॉक्सी किंवा मरीन वॉर्निश, कडांना तीन हात. आधी रंगवून मग भोकं पाडली तर भोकाची आतली बाजू उघडी राहते आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते.

६. फोम

नाकाने तपासा. कुबट वास असेल, दाबल्यावर पिवळा भुगा पडत असेल तर फेकून द्या. नुसता ओला असेल तर उभा करून पंख्यासमोर आठवडाभर वाळवा आणि मग परत वास घ्या. जुन्या कव्हरवर गुलाबी डाग असतील तर मात्र फोम ठेवूच नका. ते डाग वरचे नसतात, आतल्या ओलाव्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगाचे असतात, घासून जात नाहीत आणि तोच फोम ठेवला तर नव्या कापडावर परत उठतात.

नवीन फोम जुना जितका जाड होता तितकाच घ्या, म्हणजे दबल्यानंतरची नाही, मूळची जाडी. ती जाडी कळायला कव्हरच्या बाजूच्या पट्टीची उंची मोजा. ‘जरा मऊ होऊ दे’ म्हणून २ इंचांच्या जागी ३ इंच घातले तर बाजूची पट्टीही १ इंचाने वाढवायला लागते, आणि ते लक्षात न आल्याने कव्हर बसतच नाही अशी तक्रार मी खूपदा ऐकते. बजेट असेल तर झटपट वाळणारा मोठ्या छिद्रांचा फोम बघा, पाणी त्यातून सरळ खाली जातं. महाग आहे, पण निदान गाद्यांना घ्या, पाठींना साधा चालेल. कापायला स्वयंपाकघरातली विजेवर चालणारी सुरी मस्त चालते. लाकडापेक्षा अर्धा इंच मोठा कापा म्हणजे कव्हर भरलेलं दिसतं.

फोम काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून सील करू नका. पाणी आत जाऊ नये म्हणून लोक करतात, पण बाष्प आत अडकतं आणि पिशवीच्या आतच सगळं सडतं. वर आणि बाजूंना पातळ फिल्म चालेल, त्याने कव्हर चढवतानाही घसरतं, पण खालची बाजू उघडीच हवी.

सावधान: फोम चिकटवायचा स्प्रे पेट घेतो. हिवाळ्यात गॅरेजमध्ये प्रोपेनचा हीटर लावून स्प्रे मारू नका. हीटर बंद करा, दार उघडा, मारा, वास गेला की मगच परत लावा.

७. कापणं

व्हायनल खोलीत एक दिवस पसरून ठेवा. थंड गॅरेजमध्ये ते आखडलेलं असतं आणि माप चुकतं. खुणा कापडाच्या मागच्या बाजूला, खडूने किंवा पेन्सिलने. बॉलपेनची शाई व्हायनलमधून झिरपून काही महिन्यांनी पुढच्या बाजूला दिसते, आणि ती निघत नाही.

सगळे तुकडे एकाच दिशेने मांडा, कारण कापड लांबीत आणि रुंदीत सारखं ताणलं जात नाही. आणि डाव्या-उजव्या जोडीसाठी पॅटर्न एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवा! आम्ही पहिल्या जोडीचे दोन्ही तुकडे डाव्याच बाजूचे कापले आणि दोन वार कापड वाया गेलं. आता मी कात्री लावायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या मागे नंबर लिहून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावते.

८. शिवणं

टाचण्या लावायच्या नाहीत. व्हायनलला पडलेलं भोक कधी बुजत नाही, त्यातून पाणी जातं. क्लिपा लावा. त्याच कारणाने शिवण चुकली तर उसवून त्याच रेषेवर परत मारू नका, तो तुकडा नवीन कापा.

टाका लांब हवा, ४ ते ५ मिलिमीटर. लोकांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत, साडीच्या फॉलला ते खरं असेल, पण व्हायनलमध्ये जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्या रेषेवर फाटतं. आधी सपाट तुकड्यांवरच्या सजावटीच्या शिवणी, मग वरच्या तुकड्याला पायपिंग, मग बाजूची पट्टी, आणि पट्टीचा जोड नेहमी मागच्या बाजूला, दिसणार नाही आणि पाय लागणार नाहीत असा. वळणावर मायेला छोटे काप द्या, शिवणीच्या अलीकडे थांबा.

तपासा: पहिलं कव्हर सगळ्यात छोट्या सीटचं करा आणि ते पूर्ण ठोकून बघा. तोवर बाकीचं शिवू नका. मापात चूक असेल तर ती एका सीटवरच कळते, आठ कव्हरं शिवून झाल्यावर नाही.

९. ताणून ठोकणं

कव्हर आतून बाहेर उलटं करून टोपीसारखं कोपऱ्यांवर चढवा. पायपिंगची रेष फोमच्या कडेवर सगळीकडून सरळ आली की गादी उलटी ठेवा, वजन देऊन फोम थोडा दाबा. आता पुढच्या बाजूच्या मध्यावर एक स्टेपल, मागच्या मध्यावर एक, मग दोन्ही बाजूंच्या मध्यावर. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकाकडे गेलात तर सगळी चूण शेवटच्या कोपऱ्यात जमते. हे पहिले स्टेपल अर्धेच मारा, काढायला लागणारच आहेत. गादी सरळ करून बघा, पटलं की मग दर इंचाला एक पक्का. कोपरे सगळ्यात शेवटी, एका मोठ्या चुणीपेक्षा तीन-चार बारीक चुण्या.

व्हायनल गरम असताना ताणतं. हेअर ड्रायर पुरतो. हीट गन असेल तर कमी तापमानावर आणि सतत हलती, एका जागी थांबली की कापडाला चकाकी येते आणि ती कायमची. स्टेपल कापडाच्या पातळीला बसला पाहिजे, आत घुसून कापड कापलं जात असेल तर हवेचा दाब कमी करा.

प्लायची भोकं कापडाने झाकली नाहीत ना ते शेवटी बघा. खाली जाळीचं कापड लावायचं तर लावा, रेक्झिनचा तुकडा ठोकू नका.

१०. परत बसवणं

उलट क्रमाने: सांगाडा, पाठ, गादी. जुने स्क्रू परत वापरू नका, स्टेनलेसचे नवीन, आणि ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला टेफ-जेलसारखी पेस्ट लावा म्हणजे पुढच्या वेळी सुटेल. डेकमधल्या भोकांत मरीन सीलंट, पण सांगाड्याची खालची कड सगळीकडून सील करायची नाही, तिथून पाणी बाहेर पडायला हवं. पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्याला हवा खेळायला ज्या फटी असतात त्या मोकळ्या आहेत ना ते बघा, त्यातूनच पेट्रोलची वाफ बाहेर जाते. बॅटरीच्या वायरी सांगाड्याखाली चिमटल्या नाहीत ना हे बघूनच जोडा.

मग बागेतल्या नळीने सीट्सवर पाच मिनिटं पाणी मारा आणि अर्ध्या तासाने गाद्या उचलून बघा. खालच्या भोकांतून थेंब पडताना दिसले तर काम बरोबर झालंय. पाणी आत गेलं आणि खाली काहीच आलं नाही, गादी मात्र जड लागतेय, तर ती आत्ताच उलटी करा आणि कुठलं भोक बुजलंय ते शोधा.